भुकटीचा रंग

दोन महिन्यांपूर्वी रात्री पावणेतीन वाजता लेकीच्या घरातली पुस्तकांची मांडणी भिंतीवरून खाली आली. ती राहते रावेतला, मी डोंबिवलीत. सकाळी सहाला फोन आला, पाठोपाठ फोटो. कोणाला लागलं नाही हे तिने पहिल्याच वाक्यात सांगितलं म्हणून माझा जीव भांड्यात पडला. नातवाचं अंथरूण त्या भिंतीपासून चार हातांवर असतं.

फोटोत चार भोकं होती. मी पाडली तेव्हा पेन्सिलीएवढी होती, आता सुपारीएवढी, कडा खाल्लेल्या. खाली पुस्तकांच्या ढिगात चारही स्क्रू पडलेले, स्क्रू धरायला भिंतीत ठोकतात त्या प्लॅस्टिकच्या गिट्टीसकट. म्हणजे स्क्रू गिट्टीतून सुटला नव्हता, गिट्टीच भिंतीतून निघून आली होती.

ती मांडणी मीच बसवली होती. जावई म्हणाले होते, सोसायटीत कार्पेंटर येतो, त्याला सांगू. मी म्हटलं, कशाला, मी आलेच आहे आणि ड्रिलही आणलंय. पहिलं भोक पाडताना पांढुरकी भुकटी पडली. पुट्टी असेल म्हणून मी पुढे गेले. मग जिप्समचा गिलावा असेल असं वाटलं, हल्ली आतून तोच करतात. पण चार सेंटिमीटर आत जाईपर्यंत ती तशीच पांढुरकी येत राहिली, किंचित राखेची झाक असलेली, तांदळाच्या पिठीसारखी मऊ. मी ती बोटांत चोळून पाहिली होती. आणि तरीही घरून नेलेल्या नेहमीच्या गिट्ट्याच ठोकल्या. बाबा असते तर त्यांनी तिथल्या तिथे माझ्या हातातून ड्रिल काढून घेतलं असतं.

बाबा वायरमन होते. त्यांच्या उमेदीच्या काळात वायरिंग भिंतीच्या पोटातून जात नसे. सागवानी पट्टी भिंतीवर मारायची, पट्टीवर क्लिपा, क्लिपांत वायर. ही पट्टी धरून ठेवायला दर दोन-अडीच फुटांवर भिंतीत एक लाकडी गिट्टी असे. आज आपण प्लॅस्टिकच्या नळकांडीला गिट्टी म्हणतो. बाबांची गिट्टी म्हणजे मुरलेल्या सागाचा दोन इंच लांबीचा ठोकळा. त्याचं एक तोंड इंचभर चौरस आणि दुसरं त्याहून जरा लहान. मोठं तोंड आत जातं आणि लहान बाहेर राहतं, हे मला आठव्या-नवव्या वर्षी त्यांनी हातात ठोकळा देऊन दाखवलं होतं. छिन्नीने भिंतीत चौकोनी खळगा करायचा, आतून थोडा रुंद. त्यात पाणी मारायचं, सिमेंटचा माल भरायचा, गिट्टी दाबून बसवायची आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तिला हात लावायचा नाही. कोणी ओढलं तरी ती बाहेर येणार कशी? आतली बाजू मोठी, तोंड लहान. आमच्या जुन्या चाळीतलं वायरिंग काढलं तेव्हा लाकडी पट्ट्या हाताने मोडत होत्या, पण गिट्ट्या भिंतीत तशाच राहिल्या. त्यांच्यावर रंग मारून टाकला.

लहान भोकाला त्यांच्याकडे रावळ जंपर होता. वीतभर पोलादी हत्यार, टोकाला खाचा. डाव्या हाताने धरायचं, हातोडीचा एक घाव घालायचा, मनगटाने पाव फेरा द्यायचा आणि पुन्हा घाव. घाव, फेरा, घाव, फेरा. एका भोकाला पाच-सात मिनिटं लागत. मधूनमधून ते जंपर बाहेर काढून भोकात फुंकर मारत आणि खाली पडलेलं तळहातावर घेऊन बघत. लाल म्हणजे वीट. करडं आणि दाणेदार म्हणजे गिलावा किंवा दोन विटांमधली दरज. करडं पण मैद्यासारखं बारीक आणि हात दुखायला लागला तर काँक्रीट. पिवळट मातकट असेल तर मातीची भिंत, मग काम सगळंच वेगळं. आधी बघ, मग काय घालायचं ते ठरव, असं ते म्हणत.

रावळ हे मला कित्येक वर्षं कुणा मराठी माणसाचं आडनाव वाटायचं. तो शब्द आला लंडनहून. जॉन रॉलिंग्ज नावाच्या माणसाने १९११ च्या सुमारास हा भिंतीतला प्लग काढला. ब्रिटिश म्युझियममध्ये विजेच्या कामाला भिंतींची नासधूस न करता स्क्रू बसवायचे होते, त्या कामातून तो निघाला असं सांगतात. तो प्लग तागाच्या धाग्यांचा होता आणि ते धागे जनावराच्या रक्ताने चिकटवलेले असत. आजची नायलॉनची, मधून चिरलेली, दाते असलेली गिट्टी जर्मनीच्या आर्टूर फिशर यांनी १९५८ मध्ये काढली. गंमत अशी की तत्त्व तिन्हींचं एकच, सागवानी ठोकळ्याचंही. भोकाच्या तोंडापेक्षा आतलं अंग मोठं झालं पाहिजे. लाकडात ते आधीच मोठं केलेलं असतं. नायलॉनमध्ये स्क्रू आत शिरताना गिट्टीला फुगवतो आणि ती भिंतीला दाबून धरते. पण दाबायला समोर काहीतरी टणक लागतं, आणि लेकीच्या भिंतीत नेमकं तेच नव्हतं.

आमची डोंबिवलीची इमारत १९८६ ची, विटांची. बाहेरच्या भिंती नऊ इंची, आतल्या चार इंची. या घरात मी इतकी भोकं पाडली आहेत की हात आपोआप चालतो. तरी एक गोष्ट अजून दरवेळी करते. जुन्या वहीच्या पानाला घडी घालून खिसा करते आणि तो चिकटपट्टीने भोकाच्या खुणेखाली लावते. कचरा होत नाही हा फायदा आहेच, पण मला तो हवा असतो भुकटी बघायला. त्या खिशात थर क्रमाने बसतात. सगळ्यांत खाली चिमूटभर पांढरी, ती रंगाची आणि पुट्टीची. तिच्यावर करडी, गिलाव्याची. आणि मग लाल. लाल दिसायला लागली की मला कळतं, आता विटेत शिरले. हे कितव्या मिलिमीटरला झालं ते बिटवर, म्हणजे ड्रिलच्या भोक पाडणाऱ्या पात्यावर, बोटाने धरून ठेवते. आमच्याकडे साधारण पंधराला वीट लागते, पण न्हाणीघराच्या मागच्या भिंतीत पंचवीसला लागली. तिथे कोणीतरी वाकडी भिंत गिलाव्याने सरळ केलेली आहे.

हा आकडा का लागतो सांगते, कारण घरोघरी पडद्याचे ब्रॅकेट आणि घड्याळं लोंबतात ती याच एका चुकीने. सहाची गिट्टी तीस मिलिमीटर लांब असते. तोंडाशी तोंड लावून बसवली तर तिचा निम्मा भाग गिलाव्यात राहतो, आणि गिलावा काही धरत नाही, तो नुसता चिकटलेला असतो. दुकानात आपण गिट्टी मागितली की दुकानदार सोबत पस्तीस-आठचे स्क्रू देतो, म्हणजे पस्तीस मिलिमीटर लांब आणि आठ नंबर जाडीचे. फोटो टांगायला ते ठीक. मी पन्नास-आठचे घेते. भोक पंचावन्न मिलिमीटर पाडते, बिटला तेवढ्यावर रंगीत चिकटपट्टी गुंडाळून. आणि गिट्टी स्क्रूच्या टोकाने हलकेच ठोकत आत ढकलते, सगळीच्या सगळी विटेत जाईपर्यंत. स्क्रूचं टोक गिट्टीच्या शेपटातून थोडं बाहेर गेलं पाहिजे, तरच ती शेवटपर्यंत फुगते. बारीक स्क्रू घातला तर नुसता फिरत राहतो. भोक झालं की त्यातली भुकटी काढायची, सायकलच्या पंपाने दोनदा हवा मारली की पुरे. आत भुकटी राहिली तर गिट्टी तिच्यावर घसरते.

चार इंची भिंतीत हॅमर, म्हणजे फिरता फिरता ठोकेही देणारं ड्रिल, फार जोरात दाबू नये. पलीकडच्या खोलीतली गिलाव्याची खपली उडते. विजेच्या बोर्डाच्या सरळ वर, सरळ खाली आणि दोन बोर्डांच्या मधल्या रेषेत मी ड्रिल टेकवत नाही, कितीही सोयीची जागा असली तरी. हा बाबांचा नियम आहे आणि त्याला अपवाद नाही. डोळ्यांना चष्मा आणि नाकाला मास्क लावायचाच. बाबांनी आयुष्यभर दोन्ही लावलं नाही, आणि शेवटच्या वर्षांतला त्यांचा खोकला मी ऐकलेला आहे.

खिडकीवर पडद्याच्या दांड्या लावताना मात्र ही विटेची सगळी विद्या कामाला येत नाही. खिडकीच्या वर लिंटल असतो, म्हणजे काँक्रीटची आडवी तुळई. गिलाव्याची करडी भुकटी येते आणि लाल येतच नाही. करडीच येत राहते, फक्त आणखी बारीक होते, आणि बिट जागच्या जागी ओरडायला लागतं. इथे लोक जोर लावतात आणि बिटचं टोक जाळतात. जोराने काही होत नाही. घरगुती हॅमर ड्रिलने लिंटलमध्ये एक भोक पाडायला मला पाच मिनिटं लागतात. मधे बिट बाहेर काढून थंड करते, भुकटी झटकते, पुन्हा घालते. बिट अचानक अडलं आणि आवाज धातूचा झाला तर सळई लागली समजायचं. तिथून दोन-तीन सेंटिमीटर सरकायचं, सळई कापायची नाही. खूप भोकं असतील तर रोटरी हॅमर भाड्याने आणावं, त्याचं काम लोण्यात सुरी फिरवल्यासारखं चालतं. पण काँक्रीटमध्ये एकदा बसलेला स्क्रू मग पिढ्यान्‌पिढ्या हलत नाही, हेही खरं.

तर लेकीची भिंत. तिथे वीट नाही, एएसी ब्लॉक आहेत. जुने गवंडी अशा कुठल्याही ब्लॉकला सरसकट सिपोरेक्स म्हणतात. सिमेंट, चुना आणि वीजकेंद्रातली राख यांच्या पातळ मालात अॅल्युमिनियमची पूड घालतात, तिचा वायू सुटतो आणि ढोकळ्यासारखं ते फुगतं. मग दाबाखालच्या वाफेत शिजवून पक्कं करतात. एका घनमीटरचं वजन सहाशे किलोच्या आसपास, म्हणजे पाण्यापेक्षा हलकं. घर थंड राहतं, इमारतीवर भार कमी येतो, माझी त्या ब्लॉकबद्दल काही तक्रार नाही. पण आत सगळे बुडबुडे. मी हॅमर चालू ठेवून ड्रिल मारलं तेव्हा त्या ठोक्यांनी भोकाभोवतीचे बुडबुडे चिरडले आणि भोक आतून सैल झालं. वरून विटेसाठीची आखूड गिट्टी. ती फुगली आणि तिने भिंतीला धरण्याऐवजी तिचं पीठ केलं. मांडणीत चाळीस किलोच्या आसपास पुस्तकं होती. दीड महिना त्या भिंतीने कशी धरली कोण जाणे.

पुढच्या शनिवारी मी रावेतला गेले. जुन्या भोकांत काही बसवायचा प्रयत्न केला नाही, ती पुट्टीने बुजवली आणि खुणा बारा सेंटिमीटर वर घेतल्या. हॅमरचा खटका बंद केला, नुसत्या फेऱ्यावर ड्रिल. बिट आठऐवजी सातचं, म्हणजे आठची गिट्टी आत घट्ट जाते. गिट्टी हलक्या ब्लॉकसाठीच मिळते ती, लांब, अंगावर पिळदार पंख असलेली. ती हातोडीने ठोकत आत घालायची, पंख ब्लॉकमध्ये रुततात. चारऐवजी सहा ठिकाणी धरलं. आणि मांडणीच्या मागे वर एक सबंध लाकडी पट्टी मारली, म्हणजे भार दोन टोकांवर न येता सगळ्या लांबीवर पसरला. लेकीने स्वतः दोन भोकं पाडली. तिचा हात माझ्याहून सरळ आहे. जाड पुस्तकं खालच्या कप्प्यात, जमिनीवर टेकलेल्या कपाटात गेली. काही ओझी भिंतीवर घालायचीच नसतात.

हे मी आत्ता लिहितेय, कारण त्यानंतर महिन्याभरात असं एक काम आलं की ते चुकलं असतं तर पुस्तकं पडली असती असं म्हणून भागलं नसतं.

सासूबाई कुडाळजवळच्या आमच्या गावच्या घरी असतात. वय ८३. या पावसाळ्यात त्या न्हाणीघरात घसरल्या. हाड मोडलं नाही, पण उठताना त्या नळाला धरून उठतात हे मला तेव्हा कळलं. आधाराची दांडी बसवायची ठरलं. दांडी स्टीलची, ३०४ या न गंजणाऱ्या प्रकारची, कारण तिथल्या हवेत साधा स्क्रू दोन पावसाळ्यांत गंजतो.

घर चिऱ्याचं. चिरा म्हणजे जांभा दगड, खाणीतून विटेसारखाच चौकोनी कापून काढलेला. खाणीत असतो तोवर मऊ, हवा लागली की टणक होत जातो. फ्रान्सिस बुकॅनन या ईस्ट इंडिया कंपनीच्या डॉक्टरने केरळात अंगाडिपुरमला लोक असे ठोकळे कापताना पाहिले आणि १८०७ मध्ये या दगडाला लॅटराइट नाव दिलं. लॅटिनमध्ये 'लॅटर' म्हणजे वीट. पण विटेचं पोट एकसारखं असतं, चिऱ्याचं नाही. त्यात भोकं, पोकळ्या, मातीचे गोळे, आणि मधेच लोखंडासारखी कठीण गाठ.

त्या घरात आजवर मी एकही स्क्रू मारला नव्हता, कारण गरजच पडली नव्हती. ज्यांनी ते बांधलं त्यांनी भिंत रचतानाच सगळं ठेवलंय. दिव्यासाठी कोनाडा, भांड्यांसाठी फडताळ, कपड्यांसाठी फणसाच्या खुंट्या, आजेसासऱ्यांच्या छत्रीसाठी दाराआड एक वेगळी खुंटी. छत्री आता नाही, खुंटीला अजून मणभर लोखंड टांगलं तरी ती हलत नाही. आधाराची दांडी मात्र तेव्हा कोणाच्या मनात आली नसणार.

सासूबाईंना स्टुलावर बसवलं आणि नेहमीसारखं उठायला सांगितलं. त्यांचा हात आपोआप भिंतीवर जिथे गेला तिथे पेन्सिलने खूण केली. तिथे फरशी लावलेली आहे, म्हणून आधी कागदी चिकटपट्टी लावून, हॅमर बंद ठेवून, काचेला भोक पाडायच्या बिटने फरशीला भोक पाडलं. फरशी पार झाल्यावर दगडासाठीचं बिट घातलं. कागदाच्या खिशात आधी करडी भुकटी आली, मग तांबूस तपकिरी, ओलसर, गोळे होणारी. आणि मग भुकटी यायची थांबली. ड्रिल चालू होतं, बिट आत जात होतं आणि बाहेर काहीच येत नव्हतं.

गावचा गवंडी मदतीला उभा होता. साठीच्या पुढचा माणूस. त्याने मला थांबवलं, फरशीवर बोटाच्या पेराने दोन-तीन ठिकाणी वाजवून पाहिलं आणि म्हणाला, "वयनी, हयसर नको. हो चिरो पोकळ आसा." मग चार बोटं खाली वाजवलं. "थंयसर घाला." तिथे भुकटी शेवटपर्यंत येत राहिली.

तरी तेवढ्यावर मी विसंबले नाही. चिऱ्यात फुगणारी गिट्टी घालून त्यावर माणसाचा भार टाकायचा नाही हे मी आधीच ठरवलं होतं. कल्याणहून केमिकलची नळी आणली होती, पिचकारीने भोकात भरायची. आधी भोक ब्रशने आणि पंपाने आलटून पालटून साफ केलं, तीन-तीन वेळा. मग जाळीची नळी आत सरकवली, म्हणजे केमिकल पोकळीत वाहून जात नाही, जाळीच्या छिद्रांतून चिऱ्याच्या खाचांत शिरतं आणि तिथेच धरतं. केमिकल भरून स्क्रूसारखे आटे पाडलेली स्टीलची सळई फिरवत फिरवत आत बसवली. सहा भोकं होती. गवंडी ते भरणं बघत होता. म्हणाला, ही तर आमची गिट्टीच झाली, नुसतं लाकूड बदललं. अर्ध्या-पाऊण तासात ते घट्ट होतं, मी रात्रभर राहू दिलं.

सकाळी नट आवळले आणि आधी मी दांडीला धरून दोन्ही पाय उचलले. माझं वजन ६२ किलो. मग गवंड्याने उचलले, तो सत्तरच्या वर असेल. कान भिंतीला लावून ऐकलं, कुरकुर नाही. फरशीला तडा नाही.

मग सासूबाईंना आणलं. त्यांनी आधी दोन बोटांनी दांडी हलवून पाहिली, मग मुठीत धरली, स्टुलावर बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी मी न्हाणीघरात गेले तर दांडीवर त्यांचा ओला पंचा वाळत होता.